नाचणीएवढी

पंचायतीनं मला दिलीय एक चावी, एक शिट्टी
आणि ब्लिचिंग पावडरचा निळा डबा.
हुद्दा वॉटरमन. पगार आला तर तीन महिन्यांनी.

गावाच्या वरच्या अंगाला, रानफणसाच्या मुळाशी
जांभ्याच्या भेगेतनं पाणी येतं.
आवाज नाही त्याला.
हात घातला की कळतं, आलंय.

तिथं दगडांच्या पोटाला त्या असतात.
चाळीस वर्षं मी नाचणी समजत होतो,
गिरणीला नेताना कुणाची तरी सांडलेली.

धारवाडची शिल्पश्री हिरेमठ आली,
गुडघाभर चिखलात, दातांत टॉर्च धरून
मऊ ब्रशनं एकेक दाणा वाटीत उतरवत बसली.
भिंग माझ्या हातात देऊन म्हणाली, नोडरी.
दाण्याला दोन शिंगं फुटली होती,
शिंगांच्या बुडाशी दोन डोळे
टाचणीनं टोचल्यासारखे.

ती म्हणाली, बसवनहुळू.
मी म्हटलं, आमची गोगलगाय.
तुमचा बैल, आमची गाय. दोघं हसलो.
मग ती म्हणाली,
खरं हिला अजून नावच नाही, कुठल्याच भाषेत.
पलीकडच्या ओढ्यात शोधलं, नाही.
देवळाच्या तळीत नाही.
चंदगडच्या बाजूला उतरून आले, तिथंही नाही.
हा एवढाच झरा.

मी विचारलं, पाणी आटलं तर जातात कुठं?
कुठं जातील, म्हणाली.
पाणी जिथवर, तिथवर त्या.

डबा मी पाठीमागं धरला होता.

सांगितलं नाही तिला,
दोन सालामागं जुलाबाची साथ आली तेव्हा
तालुक्याचा साहेब गाडीतनं न उतरताच बोलला,
टाकीत नको लुमाण्णा, उगमातच टाक.
टाकली. दोन ओंजळी.
दुसऱ्या दिवशी टाकीच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यात
वाळू साठली होती, बारीक, पांढरट.
झटकली मी ती.
बायकोला म्हटलंसुद्धा,
तांबड्या जांभ्यात पांढरी वाळू कुठनं आली गं?

भरमव्वाची नात त्या साथीतनं वाचली.
तेही सांगायला पाहिजे.
सकाळी टाकीवरनं शाळेला जाते,
पायातल्या एका चपलेचा अंगठा तुटलेला,
मला बघून मुद्दाम शिट्टी मारते तोंडानं.
बरं वाटतं.
आणि फडकं आठवतं.

शिल्पश्रीनं वहीत आकडा लिहिला: सत्तेचाळीस.
मी विचारलं, चांगला आहे की वाईट?
तिनं वही मिटली.

आता झऱ्यावर पेटी बांधायची ठरलीय.
सिमेंटची पेटी, पत्र्याचं झाकण, झाकणावर पाटी.
पाटी कुठल्या भाषेत, यावर सभा दोन तास चालली.
झऱ्याचा विषय पाच मिनिटांत मंजूर.

गवंडी आला, विचारतो, भेग कुठवर बुजवू?
मी हात घातला. गार.
म्हटलं, इथवर. पुढची वीतभर सोड.
गळेल की, म्हणाला.
म्हटलं, गळू दे.
रात्री फोन केला तर शिल्पश्री म्हणते,
सिमेंटचं धुवणसुद्धा सोसत नाही त्यांना.
पहाटे जाऊन केळीचं सोपट लावलं,
गवंड्याचं पाणी दुसरीकडनं खाली काढलं.
पुरेल की नाही, ठाऊक नाही.
सोपट ते, दोन दिवसांत वाळणार.

आज दगड उलटला एक.
डोळ्यांना आता जवळचं दिसत नाही नीट.
होत्या, की ओल चमकत होती?
परत ठेवताना एक दाणा बोटाला चिकटून वर आला.
बोट पाण्यात बुडवलं आणि थांबलो,
ओढून काढायला धीर होईना,
आपली आपण उतरेपर्यंत.

खाली घागरी लागल्या होत्या नळाला.
कुणीतरी हाका मारत होतं.
शिट्टी खिशातच.

पाणी आज पाऊण तास उशिरा सुटलं.
विचारलं त्यांना सांगितलं,
करंट नव्हता.